कडी-कोयंडा आणि ईश्वरेच्छा

२०११ च्या जानेवारीत शनिशिंगणापुरात युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा तिच्यापुढे इतर कुठल्या गावात सहसा न येणारा पेच होता. नेवासे तालुक्यातल्या या गावात घराला चौकट असते, पण दाराची फळी नसते. शनिदेव राखण करतो, चोरी करणारा गावातून सुखरूप बाहेर पडत नाही, ही पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा. खुद्द देवही उघड्यावर आहे. चौथऱ्यावर काळी शिळा, वर छप्पर नाही. अशा गावात लोखंडी शटर ओढून टाळे ठोकले तर तो देवावरचा अविश्वास ठरणार, आणि न ठोकावे तर ठेवीदारांच्या पैशाचे काय? शेवटी काचेचे पारदर्शक दार बसले आणि त्याला चटकन नजरेत न भरणारे, विजेच्या चुंबकावर चालणारे कुलूप. वर्तमानपत्रांनी मात्र ‘कुलूप नसलेली बँक’ अशाच बातम्या छापल्या.

ही तडजोड हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भाविक घरात रात्री हाच प्रश्न उभा असतो, फक्त तो कोणी मोठ्याने विचारत नाही. देव राखणार असेल तर कडी कशाला लावायची? आणि कडीच राखणार असेल, तर देवघरापुढे हात जोडून ‘सगळ्यांना सुखरूप ठेव’ असे मागायचे तरी कशाला?

शिंगणापूरच्या घरमालकांनी या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर केव्हाच काढलेले आहे. अनेक घरांच्या चौकटीला रात्री एखादी फळी नुसती टेकवून ठेवतात. चोरासाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. कुत्र्याला साडेसातीची भीती नसते, हे गावाला पक्के ठाऊक आहे! म्हणजे देवाच्या राखणीचीही एक हद्द तिथे मानली गेली आहे. ज्याला पाप-पुण्य कळते त्याचा बंदोबस्त देवाने करायचा, ज्याला कळत नाही त्याचा घरधन्याने. बारकाईने पाहिले तर घरातले बहुतेक धोके या दुसऱ्या जातीचे असतात. गॅसला पाप कळत नाही, विजेला कळत नाही, ओल्या फरशीलाही कळत नाही.

दार उघडे ठेवण्याची बाजू जोरकसपणे मांडणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. १९०९ साली बोटीच्या प्रवासात लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधींनी चोराचे उदाहरण घेतले आहे. चोरावर हत्यार उगारले की तो पुढच्या खेपेला टोळी घेऊन येतो आणि वैर वाढत जाते. त्यापेक्षा दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वस्तू त्याच्या हाताला सहज लागतील अशा मांडाव्यात. तो गोंधळेल, विचारात पडेल आणि एक दिवस पश्चात्तापाने परत येईल, असा त्यांचा युक्तिवाद. ज्याच्याकडे चोरण्यासारखे फारसे काही उरले नव्हते त्या माणसाला हे शोभते, आणि त्यात माणसाच्या मनाची खोल पारखही आहे. पण चोराचे हृदयपरिवर्तन होऊ शकते, गळक्या रबरी नळीचे होत नाही. स्वयंपाकघरात १४.२ किलो गॅसचा सिलिंडर आणि घरात रांगते मूल असलेल्या गृहस्थाला ‘हिंद स्वराज’ इथून पुढे मदत करत नाही.

इतर परंपरांनी हा प्रश्न थोडक्यात मिटवला आहे. तिर्मिझीच्या हदीससंग्रहात एक माणूस पैगंबरांना विचारतो, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळते, बांध आणि भरवसा ठेव. धम्मपदाचा दुसरा वग्ग पूर्णपणे अप्रमादाला, म्हणजे गाफील न राहण्याला दिलेला आहे. जैन साधूंच्या पाच समित्यांमध्ये तर एक समिती केवळ वस्तू उचलण्याची आणि ठेवण्याची आहे, आदान-निक्षेपण. पाहून उचलावे, जागा पुसून ठेवावे, सूक्ष्म जीवही दुखावू नये. मोक्षमार्गावरच्या माणसाने भांडे कसे ठेवावे याची चिंता धर्माने वाहिली आहे. समर्थ रामदासांचेही तसेच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शाई, लेखणी, कागद, ओळींमधले अंतर, कडेला सोडायची जागा हा तिथला विषय. आज एखाद्याने कामाचा उरक वाढवण्याच्या युक्त्या म्हणून तो छापला तर कोणाला तो परमार्थाचा ग्रंथ आहे अशी शंका येणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. दैवाचा नंबर पाचवा. ते नाही असे गीता म्हणत नाही, आणि पहिल्या चारांची रजा मंजूर करून पाचव्याला कामाला लावा असेही म्हणत नाही. आपल्याकडे ‘होणारे चुकत नाही’ हे वाक्य मात्र बहुधा अपघातानंतर उच्चारले जाते, आणि उच्चारणाऱ्याच्या घरातली गॅसची नळी बऱ्याचदा आठ वर्षांची असते.

खरी चावी मीमांसकांकडे आहे असे वाटते. त्यांनी कर्माचे जे प्रकार पाडले त्यात नित्यकर्माची व्याख्या मोठी विलक्षण आहे. काम्यकर्म केले की फळ मिळते. नित्यकर्माचे तसे नाही. संध्या केली म्हणून वेगळे पुण्य पदरात पडते असे नाही, पण ती चुकवली तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. केल्याचे काही दिसत नाही, न केल्याचे भोगावे लागते. घरातल्या सुरक्षिततेचे याहून नेमके वर्णन कोणी केलेले नाही. रेग्युलेटर रात्री बंद केला म्हणून सकाळी काही मिळत नाही. ‘आज आपल्याकडे स्फोट झाला नाही’ असे म्हणत कोणी पेढे वाटत नाही. जे न घडण्यासाठी करायचे असते त्याला कौतुक नसते, म्हणूनच ते आधी कंटाळवाणे होते आणि मग सुटते.

सुटते म्हणजे कसे, ते ओट्याखाली वाकून पाहता येते. सिलिंडर थोडा पुढे ओढला की वरच्या कड्याला आतून जोडलेल्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचे आकडे वर्षाचे. ‘बी-२७’ असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारात आली तर ती घेऊ नये, बदलून मागावी. वर्षानुवर्षे सिलिंडर घेणाऱ्या कित्येक घरांत ही पट्टी कोणी वाचलेली नसते. तीच गत नळीची. गॅस कंपन्यांच्या केशरी ‘सुरक्षा’ नळीवर मुदत छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. नळी वापरात आहे, गॅस येतो आहे, मग बदलायची कशाला, हा विचार सगळ्या घरांत एकाच चालीवर चालतो.

इथे शंकराचार्यांचा एक आक्षेप आठवतो. न करणे हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट जन्माला येईलच कशी, असे त्यांनी मीमांसकांना विचारले. तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात त्यांनी याची उकल अशी केली की नित्यकर्म न करणे हे दोष उत्पन्न करत नाही, आधीच साठलेल्या दोषाची ती खूण असते. वाद मोक्षाबद्दलचा आहे, ओट्याखालचा नव्हे. तरी नळीला तो चपखल लागू पडतो. पाहिले नाही म्हणून नळी फुटत नाही, ती उन्हा-तेलाने, उंदराच्या दातांनी, वर्षांच्या भाराने कधीचीच विरत आलेली असते. न पाहण्याने एवढेच होते की हे साठणे कोणाला कळत नाही.

कळण्याची सोय मात्र करून ठेवलेली आहे. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास आला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो दिव्याच्या किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या बटनाकडे, आणि नेमके तेच करायचे नसते, कारण बटनातली ठिणगी पुरेशी असते. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून रेग्युलेटर बंद करावा, टोपण लावावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, देवापुढचा दिवा पेटलेला असेल तर तो आणि उदबत्तीही विझवावी, घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे. आगीच्या धुराचे बरोबर उलट. तो वर चढतो, आणि आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच जास्त जीव जातात. तिथे वाकून, जमिनीलगत सरपटत बाहेर पडायचे. बाथरूममधल्या गॅस गिझरचा तिसरा प्रकार तर सर्वांत कपटी. हवा कोंडली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नाही तेव्हाच कळते. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे आणि वरची झडप कायम उघडी ठेवणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

विजेचेही एक नित्यकर्म आहे. मीटरजवळच्या पेटीत एमसीबीच्या रांगेत ‘टी’ अक्षराचे छोटे बटन असलेला एक स्विच असतो, लोक त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली, की तो झटक्यात खाली पडतो. ते बटन महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. दाबल्यावर घरातली वीज जाते, टीव्ही बंद पडतो, घरातले ओरडतात, म्हणून कोणी दाबत नाही. आणि पुष्कळ जुन्या घरांत तो स्विच बसवलेलाच नसतो, हे दाबायला गेल्यावर समजते.

देवघराकडे वळले की विषय नाजूक होतो. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो, तो मालवला तर अशुभ, आणि घरातले सगळे सकाळी कामावर. पूर्वीच्या वाड्यात दिवसभर कोणी ना कोणी घरात असे, तेल घालायला आणि लक्ष ठेवायला. आजच्या दोन खोल्यांच्या घरात देवघर हे सागवानी किंवा प्लायवुडचे कपाट असते, वर मखमली पडदा, शेजारी वाती आणि कापराचा डबा. उंदराने तेलकट वात ओढून नेली की पुढचे सांगायला नको. धर्माने अखंड दिवा सांगितला असेल, पण तो पडद्याखाली ठेवा असे कुठल्या पोथीत नाही. काचेच्या चिमणीत, पाणी घातलेल्या खोलगट ताम्हनात मधोमध, मोकळ्या फरशीवर ठेवलेला दिवाही अखंडच राहतो. आणि घर रिकामे राहणार असेल तर दिवा शांत करून संध्याकाळी पुन्हा लावण्याने श्रद्धेचे काय बिघडते, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

सावधपणाचीही नशा चढू शकते, हे शहरात जास्त दिसते. मुंबई-ठाण्यात खिडकीला बॉक्स ग्रिल, दाराला सेफ्टी डोअर, त्याला तीन कड्या, गच्चीच्या दाराला कुलूप, त्याची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. चोर आत येऊ नये म्हणून केलेली ही तटबंदी आग लागली की आतल्या माणसांना बाहेर पडू देत नाही. ग्रिलमध्ये आतून उघडणारी एक झडप असावी, तिची किल्ली तिथेच भिंतीला पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगलेली असावी, हे ग्रिल बसवतानाच सांगावे लागते. नंतर कोणी वेल्डरला परत बोलावत नाही.

कडी लावून गाडीत बसलेल्या माणसाला ‘गॅस बंद केला ना?’ असा प्रश्न पनवेलच्या पुढे हमखास पडतो. तीनदा पाहिलेले असूनही पडतो. कारण हात रेग्युलेटरवर होता तेव्हा मन दुसरीकडे होते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत चौथ्या अध्यायावर बोलताना कर्माला विकर्माची जोड द्या असे सांगितले, विकर्म म्हणजे त्या कर्मात चित्त ओतणे. ती जोड मिळाली की कर्माचे ओझे वाटत नाही, ते अकर्म होते. तत्त्वज्ञान बाजूला ठेवून पाहिले तरी यात उपयोगाची युक्ती आहे. रेग्युलेटर फिरवताना ‘बंद केला’ असे तोंडाने म्हणावे. पुष्कळ घरांतल्या आज्या हे करतातच, आणि मुले त्यांना हसतात. शब्द कानावर पडला की आठवण पक्की बसते, आणि पनवेलच्या पुढचा प्रवास सुखाचा होतो. पुन्हा पुन्हा तपासणारा माणूस जास्त सावध नसतो, बहुधा प्रत्येक वेळी थोडा कमीच हजर असतो.

कामाच्या उरकाचे गणितही इथेच सुटते किंवा अडते. संध्येला वेळ नेमलेली होती, सकाळची, दुपारची, सायंकाळची. मधल्या काळात संध्या राहिली का, ही टोचणी नसे. मोबाइलने नेमकी ही व्यवस्था उलटी केली. त्याला काळवेळ नाही, आणि दर सूचनेला उत्तर देणे हेच जणू नित्यकर्म होऊन बसले. कार्यालयात हिशेब तपासणारा कारकून किंवा घरी बसून अनुवाद करणारी बाई, दोघांचाही दिवस असा तुकड्यातुकड्यांत जातो. सूचनांचा आवाज बंद करून निरोप पाहण्याच्या दोन-तीन वेळा ठरवणे, आणि घरच्यांना ‘तातडीचे असेल तर फोन कर, निरोप टाकू नकोस’ असे सांगून ठेवणे, यात नवे काही नाही. संध्यावंदनाचे वेळापत्रक पाळणाऱ्या पणजोबांना हे समजावून सांगावे लागले नसते.

आता पुन्हा चोराकडे यायला हवे, कारण त्याने दार बदलले आहे. २०१५ च्या सप्टेंबरात शिंगणापुरात पोलीस ठाणे आले. २०२५ साली देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजा आणि तेलाभिषेकाचे पैसे भक्तांकडून उकळल्याचे प्रकरण उघडकीस आले, गुन्हा दाखल झाला, विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. चौकट ओलांडावी लागलीच नाही. या चोरीत भक्त जिथे होता तिथेच बसून, स्वतःच्या हाताने, श्रद्धेने पैसे देत होता. शनीच्या दृष्टीला भिऊन गावात चोरी न करणारी माणसे पिढ्यानपिढ्या होती असे मानले, तरी ती भीती समोरासमोरची होती, अमुक घर, अमुक माणूस. पडद्याआड बसलेल्या टोळीला ना गाव असते ना वेस.

शास्त्रांनी सहा रिपू सांगितले ते साधकाला आतून सावध करण्यासाठी. फसवणाऱ्या टोळ्यांनी ती यादी बाहेरून पाठ केलेली दिसते. लोभासाठी दुप्पट परताव्याची गुंतवणूक, मोहासाठी ‘तुमच्या मुलाला अपघात झालाय’ असा फोन. आणि यादीत नसलेली सातवी गोष्ट, भय, त्यावर तर ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा सगळा धंदा उभा आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका म्हणून बजावतो. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलावे लागले. कॉलवरून अटक करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘लग्नपत्रिका’ ही दुसरी तऱ्हा. पत्रिका म्हणून उघडलेली फाइल एपीके असते, म्हणजे चक्क एक अ‍ॅप, आणि ते बसले की बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे वाचले जातात. चित्र किंवा पीडीएफ नसलेली पत्रिका, मग ती कोणाच्याही घरची असो, उघडू नये. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

एवढे करूनही चूक होतेच, आणि धर्मशास्त्राने तेही गृहीत धरले होते. संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक अर्घ्य जास्त द्यायचे, म्हणजे चुकलेल्यालाही परतीची वाट ठेवलेली. मोठ्या दोषाला परिषदेपुढे जाऊन झाले ते बोलून दाखवायचे, मगच प्रायश्चित्त सांगितले जायचे. न बोलता ते सुरूच होत नसे. फसवल्या गेलेल्या माणसाचा घात बऱ्याचदा फसवणुकीने अर्धा आणि लाजेने अर्धा होतो. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेत तीस वर्षे काढलेले अधिकारी, यांना ‘मला कोणीतरी फसवले’ हे मुलांना सांगणे पैसे जाण्यापेक्षा जड वाटते. रात्र जाते, दुसरा दिवस जातो, आणि तेवढ्यात पैसे पाच-सात खात्यांतून फिरून निघून जातात.

१९३० हा क्रमांक अशी फसवणूक लगेच कळवण्यासाठी आहे. पहिल्या तासाभरात फोन लागला तर पैसे वाटेतल्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते. फोन करताना हाताशी हवे ते असे: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, आपल्या बँकेचे नाव, ज्या नंबरवरून संपर्क झाला तो नंबर. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी कळवणे, आणि संभाषण न पुसणे. ते पुसून टाकावेसे वाटते, पण पुढे तोच पुरावा होतो. हे सगळे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर, गॅसच्या १९०६ शेजारी लावता येते. ज्येष्ठांच्या घरी तो कागद मुलाने किंवा सुनेने स्वतः लावावा, आणि लावतानाच सांगून टाकावे की असा फोन आला, पैसे गेले, तर आधी आम्हाला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, कोणी रागावणार नाही.